डावं बोंड तिचं

ऊन उतरलं की गोटीराम चालायला निघायचा. निघण्याआधी त्याची तयारी असे. बायकोचा, पुतळाचा, कापडी बटवा तो पँटच्या पट्ट्याला अडकवी. बटव्यात तिचा जुना बटणांचा मोबाईल. मोबाईलला जोडलेली एक्स्टेन्शनची वायर सदऱ्याच्या आतून वर यायची आणि गळ्याशी बाहेर निघायची. तिथून पुढे इअरफोन. त्याचं उजवं बोंड तो उजव्या कानात घाली. डावं छातीवर लोंबत ठेवी.

करावे गावातल्या गल्ल्या अरुंद. घरं वर चढत गेली तरी गल्ल्या तेवढ्याच राहिल्या. शेजारची शेवंताबाई ओट्यावर जवळा निवडत बसलेली असे. ती रोज तेच बोलायची.

"गोटीराम, एक कान उघरा रायला तुजा."

"रावू दे, वयनी."

"वायर लोंबतं. पायात येवून परशील कवातरी."

"परलो तं तू हायेस ना उचलाला."

"मी? माजीच कंबर उचलाला मानूस बगतंय."

एवढं बोलणं झालं की तो पुढे निघे. त्याची चाल संथ होती. पाय धड होते, गुडघे दुखत नव्हते, तरी तो सावकाश चाले. बरोबर कुणी असल्यासारखा.

पुतळाला जाऊन वर्ष होत आलं होतं. एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आजारपण नाही, उशाशी बसणं नाही, शेवटचं बोलणं नाही. तिचा चेहरा घरात ठिकठिकाणी होता. फ्रेममध्ये, मुलगा रूपेशच्या मोबाईलवर, मुलगी उन्नतीच्या कपाटाच्या दारावर. पण आवाज कुठेच नव्हता. गोटीरामला ती काय बोलायची ते सगळं आठवे. कशी बोलायची ते मात्र हळूहळू जात होतं. शब्द राहत होते आणि आवाज पुसत होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय उपयोग?

उन्नतीनेही शोधून पाहिलं होतं. रूपेशच्या लग्नाचे, बारशाचे, नारळी पौर्णिमेचे सगळे व्हिडिओ तिने काढले. आई प्रत्येकात होती. कुणाला वाढत होती, कुणाच्या पोराला नाचायला पुढे ढकलत होती, तोंड उघडून हसतही होती. पण वरून डीजे. तोंड हलतंय आणि डीजे वाजतोय. पुतळाचा मोबाईल साधा, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेलंही काही नव्हतं.

आता उन्नतीचं लग्न ठरलं होतं. रूपेश आणि सून प्रिया उलव्याला राहायचे. रूपेशने फोनवर विचारलं, "बाबा, मांडव दारात घालायचा का हॉल घेऊ?"

"हॉल घे."

"उन्नतीला मांडव हवाय."

"मांडव घालून बसवायचं कुनाला? धवल्याची गानी कोन बोलंल? हॉल घे. जेवन करा, मोकले व्हा."

रूपेशने हॉलची चौकशी सुरू केली. पण त्याला आणि उन्नतीला, दोघांनाही माहीत होतं, या घराने आजवर कुठलंच लग्न हॉलमध्ये केलेलं नाही.

* * *

इअरफोन घरात आला तो कोळंबीमुळे.

पुतळा नेरूळच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. एकदा गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना कमरेच्या बटव्यातून मोबाईल सुटला आणि कोळंबीच्या टबात बुडाला. घरी आणून तांदळात ठेवला. तिसऱ्या दिवशी चालू झाला, पण आवाज बंद. फोन यायचा, दिवा लागायचा, ऐकू काही यायचं नाही.

"कोलंबीनं आवाज खाल्ला," पुतळा म्हणाली. "तरी बोलत हुते, या येलची कोलंबी गोर कशी लागतं."

रूपेशने स्वतःकडे पडलेला एक इअरफोन आणून दिला. कानात आत जाणारा, रबराच्या बोंडांचा. मोबाईलला लावला तर आवाज आला. रूपेशला तो नको होता, कारण त्याची वायर फार आखूड होती. शर्टाच्या खिशापर्यंत कशीबशी पोचे. मोबाईल पँटच्या खिशात ठेवून चालायचं तर एक्स्टेन्शनची वायर मधे जोडावी लागे. ती वायर डब्यातच दिलेली होती. शिवाय इअरफोनच्या दोन्ही बाजूही सारख्या नव्हत्या. डाव्या बोंडाची वायर वीतभर आणि उजव्या बोंडाची चांगली हातभर.

पुतळाने दोन्ही बोंडं हातात धरून मापली. मग नवऱ्याकडे बघितलं.

"आवो, ह्ये नवराबायकोचा हाय."

"काय?"

"ही आकूर वायर जिच्या कमरंला मोबाईल तिची. ही लांब तिच्या घोवाची. कंपनीत पन कुनाला तरी अक्कल हाय."

गोटीरामला ते पटलं. दोघं लगेच तसे उभे राहिले. तिने डावं बोंड आपल्या डाव्या कानात घातलं, त्याने उजवं आपल्या उजव्या कानात. ती त्याच्या उजव्या हाताला. मोबाईल तिच्या बटव्यात आणि तिथून वर एक्स्टेन्शन. वायर बरोबर पुरली. जराही कमी नाही की जास्त नाही.

रूपेश हसून हसून खाली बसला. "आई, ती लांब वायर मानेमागून घ्यायची असते. दोन्ही एकालाच घालायचे."

"मानंमागून? गलफास घ्याचाय का? गप रे. तुला काय कलतं."

आणि पुढची चार-पाच वर्षं ती दोघं तशीच चालली. रोज संध्याकाळी, बाजार उठल्यावर. गावातून पामबीच रोड ओलांडून खाडीच्या जेट्टीपर्यंत आणि परत.

एका वायरीत दोन माणसं बांधली की चालणं शिकावं लागतं. गोटीरामचे पाय लांब टाकायचे. जवानीत होडीवर, पुढे पालिकेच्या बागेत माळी, त्याला भरभर चालायची सवय. सुरुवातीला तो दोन पावलं पुढे गेला की त्याच्या कानातून फट्‌कन बोंड निघे. पुतळा ओळखीच्या बाईशी बोलायला थांबली की परत फट्‌. कधी मधला जोड सुटे आणि दोघांचंही गाणं एकदम बंद पडे. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राही.

"खारीतला मानूस गुलाबाला पानी घालाला गेला, तवापून चालाचा इसरला."

"तू थांबतंस कशाला मधीच?"

"मी बाईमानूस. मी थांबनार. वायर तुमी सांबाला."

जोड सुटू नये म्हणून गोटीरामने त्यावर जाळ्याच्या नायलॉनचा दोरा गुंडाळला आणि बापाने शिकवलेली जाळं शिवायची गाठ मारली. ही गाठ ओढ बसली की आणखी आवळते. त्या दिवसापासून जोड कधी सुटला नाही. हळूहळू त्याने चालही कमी केली. पुढे पुढे वायर कधी ताणली गेली नाही. लोक गमतीने म्हणत, दोघांना एकाच दाव्याला बांधलंय.

* * *

मोबाईलमध्ये ऐकायला एकच गोष्ट होती. यशोदाबाईचे धवले.

यशोदाबाई गावची धवलारीण. लग्नात भटजी असतो तशी इथल्या लोकांत धवलारीण असते. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं. ते गाणं म्हणजे धवला. धवला बोलल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. यशोदाबाई आता नाही. ती थकली तेव्हा तिने पुतळाला सांगितलं, माझ्यामागं तू बोल. पुतळाला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून मांडववाल्या रामचंद्रने आपल्या माइकवर यशोदाबाईची गाणी भरून दिली. दुपारच्या वेळी दोघी त्याच्याकडे जाऊन बसत. गोटीराम तेव्हा कामावर असे. गाणी भरून झाली आणि मोबाईलच्या कार्डात आली एवढंच त्याला ठाऊक होतं.

चालताना त्याच्या उजव्या कानात यशोदाबाई बोलायची. म्हातारी, खणखणीत.

"नवरीला पयली हलद कोन लावी गो?"

मग थांबायची. एक ओळ बोलून व्हावी एवढी थांबायची. तेवढ्यात मागे कुठेतरी लांबून कुणीतरी बोलल्यासारखं अंधूक वाजे. गोटीरामला वाटे, शेजारच्या घरातला टीव्ही असेल. मग यशोदाबाई पुढचं विचारी.

"मांडवाची मेढ कोन रोवी गो?"

परत थांबे. सगळा धवला असाच. विचारायचं आणि थांबायचं. गोटीरामने लग्नं ढीगभर पाहिली होती, पण धवला बाईमाणसांचा. पुरुष बाहेर दोऱ्या बांधत असतात, पाण्याचे पिंप भरत असतात. धवल्यात पुढे काय येतं हे त्याने कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, शिकणाऱ्याने उत्तर द्यावं म्हणून मधे जागा सोडली असेल. आणि तसंच दिसत होतं. यशोदाबाई थांबली की शेजारी चालणाऱ्या पुतळाचे ओठ हलत. आवाज नाही, नुसते ओठ. पामबीचवरच्या गाड्यांच्या घरघरीत काही कळायचंही नाही.

"मोठ्यानं बोल की," तो म्हणे.

"आता नाय. उन्नतीच्या लग्नात बोलीन, तवा ऐका."

"तोवर मी रायलो तं."

"राता. तुमाला मरान पन माज्या परवानगीनं."

एकदा त्याचं उजवं बोंड मळून आवाज बारीक झाला होता. तो म्हणाला, "तुजा दे जरा, बगू."

तिने कानावर हात धरला. "डावं माजं, उजवं तुमचं. यात अदलाबदल नाय."

"आगं, गाना तं एकच हाय."

"आसू दे. तुमचं पुसून देते."

तिने पदराने त्याचं बोंड पुसून दिलं होतं. तिला तेवढा हट्ट असायचा काही गोष्टींत. ताट हेच पाहिजे, बाजारातली जागा तीच पाहिजे. गोटीरामने तोही त्यातलाच धरला.

ती गेल्यावर महिनाभर मोबाईल फडताळात पडून होता. मग एका संध्याकाळी त्याला घरात बसवेना. त्याने बटवा कमरेला लावला आणि निघाला. खरं तर आता एक्स्टेन्शनची गरज नव्हती. मोबाईल सदऱ्याच्या खिशात ठेवला असता तर भागलं असतं. पण ती गाणी बटव्यातूनच यायची, म्हणून त्याने ती तशीच येऊ दिली. डावं बोंड कानात घालायचा विचारसुद्धा मनात आला नाही. ते तिचं.

यशोदाबाई विचारायची आणि थांबायची. आता त्या थांबण्यात कुणाचे ओठ हलत नव्हते. तो आपसूक उजवीकडे बघायचा आणि परत समोर बघायचा.

* * *

लग्नाला दोन-अडीच महिने राहिले असताना ते झालं. गल्लीत समोरून स्कूटर आली. गोटीराम भिंतीला लागून उभा राहिला. पण ती हातभर लांब वायर एकट्या माणसाच्या अंगावर कमरेपर्यंत झोळीसारखी लोंबते. दुसरं डोकं नसेल तर तिला आधार नसतो. ती झोळी स्कूटरच्या ब्रेकच्या दांडीत अडकली. हिसका बसला. कानातून बोंड निघालं, बटवा ओढला गेला, गोटीराम दोन पावलं फरपटला. पोरगी घाबरून थांबली, सॉरी काका, सॉरी काका करत वायर सोडवून दिली.

"काय नाय झाला. जा तू."

त्याने बोंड परत कानात घातलं. काही नाही. बटणं दाबून पाहिली. मोबाईल चालू होता. यशोदाबाई नव्हती.

जोड पाहिला. तो जसाच्या तसा होता. तिथेच घोटाळा झाला. तो जोड सुटला असता तर हिसका तिथेच संपला असता. पण जाळ्याची गाठ सुटत नाही. ओढ बसली तशी ती आवळली आणि सगळा ताण वायरीवर गेला. उजवी वायर आतून तुटली.

दुसऱ्या दिवशी उन्नतीला वाशीला खरेदीला जायचं होतं. ती तिथेच एका ऑफिसात कामाला, तिला दुकानं माहीत. ती बापाला घेऊन गेली. दुकानदार तिशीतला, बोलका. त्याने इअरफोन स्वतःच्या मोबाईलला लावून बघितला.

"काका, राइट गेलाय. लेफ्ट चालू आहे. लेफ्टवर काम भागवा."

"उजवा दुरुस्त होईल का?"

"याला कोण दुरुस्त करतं? आणि हे काय बांधलंय? मासे पकडता काय याच्यावर?" तो गाठीकडे बघून हसला. "बिनवायरचे घ्या ना. टेन्शनच नाही."

"हरवतात," उन्नती म्हणाली. "आणि या मोबाईलला चालणार नाहीत. वायरवाला दाखवा."

त्याने नवा काढून दिला. गोटीरामने दोन्ही बोंडं एकमेकांशेजारी धरून वायरी मापल्या.

"दोन्ही सारख्याच हायेत."

"सारख्याच असतात, काका."

"मंग नको."

बाहेर आल्यावर उन्नती म्हणाली, "बाबा, सारख्या असल्या म्हणून काय झालं? तुम्ही तर एकटेच—" आणि थांबली.

"आयला तुज्या आवरला नसता," गोटीराम म्हणाला.

त्यानंतर तो चालायला गेला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून राही. तिसऱ्या दिवशी शेवंताबाई जवळा निवडता निवडता म्हणाली, "आज पन नाय?"

"नाय."

"लोंबनारी वायर बगाची सवय झाली हुती मना."

चौथ्या दिवशी उन्नती ऑफिसातून लवकर आली. चहा घेतला नाही, पर्स ठेवली आणि फडताळातून बटवा काढला. तो स्वतःच्या कमरेला अडकवला. वायर कुर्त्याच्या आतून वर घेतली. मग ओट्यावर येऊन बापाच्या उजव्या हाताला उभी राहिली आणि उजवं बोंड त्याच्यापुढे धरलं.

"घाला. चला."

"तो बंद हाय."

"माहितीय."

"मना काय ऐकू येनार नाय."

"नाही आलं तर नाही. चला तर खरं. अंग आखडून गेलंय तुमचं बसून बसून."

शेवंताबाईने मान वर केली. "जा रे. पोरगी बोलवतं तं जा."

गोटीरामने बंद बोंड कानात घातलं. उन्नतीने डावं आपल्या कानात घातलं. आईची जागा म्हणून तिने घातलं, ऐकायला म्हणून नव्हे. बटव्यातला मोबाईल चाचपडून गाणं चालू केलं आणि दोघं निघाली.

* * *

गल्ली संपली. पामबीच रोड ओलांडला. कांदळवनाच्या कडेने जेट्टीकडे जाणाऱ्या वाटेला लागली. ओहोटी होती. उघड्या चिखलावर फ्लेमिंगो उभे होते. गोटीरामच्या कानात शांत होतं. तो पुतळाच्या चालीने चालत होता आणि त्याला बरं वाटत होतं. वायरीला पलीकडे कुणाचंतरी वजन होतं.

तेवढ्यात फट्‌कन त्याच्या कानातून बोंड निघालं.

"चुकला माजा," तो म्हणाला. "हलू चालतो."

त्याने वळून बघितलं. उन्नती वाटेत उभी होती. हात कानावर दाबलेला.

"काय झाला?"

"बाबा, हे कुणाचं आहे?"

"यशोदाबाईचा. तुला ठावूक हाय."

"यशोदाआजी लांब आहे. बारीक ऐकू येतेय." तिने बोंड आणखी आत दाबलं. "बाबा, आई गातेय."

"काय बोलतंस?"

"आई गातेय. माझं नाव घेतेय."

"आगं, यशोदाबाईचा आवाज—"

"मला माझ्या आईचा आवाज कळत नाही का?"

तिने आपल्या कानातलं बोंड काढलं आणि बापापुढे धरलं. गोटीरामने हात पुढे केला नाही.

"तो तिचा हाय."

"म्हणूनच घाला, बाबा."

त्याने घेतलं. ते त्याने कधी हातात धरलेलंही नव्हतं. रबर गुळगुळीत झालं होतं. त्याने ते डाव्या कानात घातलं.

लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी यशोदाबाई आली. नवरीला पयली हलद कोन लावी गो. आणि मग अगदी कानाशी, श्वास ऐकू यावा इतक्या जवळून, पुतळा म्हणाली,

"उन्नतीला पयली हलद आय तिची लावी गो."

हाच तो आवाज. जरासा नाकातून येणारा, ओळ संपताना खाली बसणारा. तो कसा होता हे आठवायचा त्याने किती प्रयत्न केला होता आणि एकही आठवण बरोबर नव्हती. खरा आवाज आठवणीपेक्षा जाड होता. त्यात बाजारात ओरडून ओरडून आलेली घरघर होती. ती तो साफ विसरून गेला होता.

तो वाटेकडेच्या कठड्यावर बसला. उन्नती त्याच्या शेजारी बसली. रामचंद्रने दोघींसमोर दोन माइक ठेवले असणार. एकीचा आवाज एका बाजूला, दुसरीचा दुसऱ्या बाजूला. त्याने ते तसेच कार्डात घालून दिले. यशोदाबाई विचारायची आणि पुतळा झेलायची. एवढी वर्षं गोटीरामने नुसते प्रश्न ऐकले होते. उत्तरं त्याच वायरीत होती, तिच्या कानात.

धवला संपला. पण माइक चालूच राहिला होता. पुतळा खोकली, हसली.

"मावशे, परत घेव. माजा दम सुटला शेवटाला."

यशोदाबाईने लांबून काहीतरी विचारलं. घोवाला ऐकवलंस का, असं काहीतरी.

"नाय गो," पुतळा म्हणाली. "लग्नात ऐकवीन. आता ऐकवला तं लगीन होईपरेंत मना चिरवत बसंल. म्हातारपनी शालंत चालली बोलंल. तसा मानूस बरा हाय. पन तोंड बंद रात नाय."

गोटीराम हसला. हसता हसता त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"काय म्हणाली?" उन्नतीने विचारलं.

"माजी नालस्ती करतं."

तिचे ओठ का हलायचे ते त्याला आता कळलं. ती यशोदाबाईला उत्तर देत नव्हती. ती स्वतःच्याच आवाजाबरोबर बोलत होती, कुठे दम सुटतो ते बघत होती. त्याच्या हातभर अंतरावर, रोज. त्याने ते बोंड मागितलं तेव्हा कानावर हात का धरला तेही कळलं.

उन्हं खाडीवर आडवी झाली होती. उन्नती उठली आणि तिने बटवा काढून बापाच्या पट्ट्याला लावला. मग लोंबणारं उजवं बोंड स्वतःच्या उजव्या कानात घातलं आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"त्यात काय ऐकू येनार नाय तुला," तो म्हणाला.

"नको येऊ दे. वायर लोंबत नाही ना मग."

दोघं परत निघाली. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "रामचंद्रकाकांना सांगितलं तर ते मोठ्या बॉक्सवर दोन्ही आवाज लावतील. हॉलमध्ये पण लावता येईल."

"हॉलात कशाला?" गोटीराम म्हणाला. "धवला मांडवात बोलतात. दादाला तुज्या फोन कर. सांग, बाबा दारात मांडव घालतंय."

वायर जराशी ताणली गेली, कारण तिने मान पलीकडे वळवली होती. मग ती परत सैल पडली.

त्याने बटव्यात हात घालून गाणं पहिल्यापासून लावलं. पामबीचवरच्या गाड्यांच्या घरघरीत यशोदाबाई आता फार लांब गेली होती, तिचा नुसता हुंकार येत होता. पुतळा उत्तर देऊन थांबायची आणि त्या थांबण्यात शब्द असे कळायचेच नाहीत. पण तिथे काय हवं ते गोटीरामला पाठ होतं. एवढ्या वर्षांत उजव्या कानात दुसरं काही गेलंच नव्हतं. पुरुषांनी धवला बोलायचा नसतो. त्याने आजूबाजूला बघितलं. दोन माणसं पळत समोरून आली आणि गेली. त्यांच्याही कानात काहीबाही होतं.

"मांडवाची मेढ कोन रोवी गो?" त्याने हळूच विचारलं.

आणि ती डाव्या कानात म्हणाली,

"मांडवाची मेढ बाप तिचा रोवी गो."